बाबला नाटकातला राक्षस कळतो, घरातला बाबा कळत नाही (ऑटिझम आणि चेहरे वाचणारा मेंदू)

फोंडेकर

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज पाऊस आहे नि लाइट पण आहे, दोन्ही एकदम असण्याचा योग आमच्याकडे कमी, म्हणून बसलो.

आमचा मुलगा दहा वर्षांचा, घरात सगळे बाब म्हणतात. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. ते सगळं रामायण आज नको. गोष्ट जत्रेच्या नाटकाची आहे. आमच्या देवळात दरवर्षी गावच्याच मुलांचं नाटक असतं, पौराणिक, पडदा उघडायचा रात्री अकराला आणि संपायचं पहाटे. यंदा बाब पूर्ण पहिला अंक बसला. नुसता बसला नाही तर मला कानात रनिंग कॉमेंटरी. हा रागावला. आता ही घाबरली. आता हा खोटं खोटं हसतोय. मी थक्क, कारण थेरपीत भावनांची कार्डं दाखवली की हाच पोरगा 'खुशी' आणि 'आश्चर्य' यात गोंधळ घालतो.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो. दिवस वाईट गेलेला. बायकोला फाटकातूनच कळलं, तिने गप्प पाणी आणून ठेवलं. बाब मात्र माझ्यासमोर उभा राहून बसच्या नंबरांबद्दल बोलतोय, बोलतोय, थांबेचना, शेवटी मी ओरडलो. तो दचकला, कानांवर हात ठेवले आणि थोड्या वेळाने एकदम शांतपणे म्हणाला, "तू आधीपासून रागावलेला? मग सांगितलं का नाही?"

तेव्हापासून ते वाक्य डोक्यात आहे. माझ्या मते मी सांगितलं होतं, चेहऱ्याने. ते पोचलंच नाही. मग वाचायला लागलो की चेहऱ्यावरची भावना मेंदूत नक्की कुठे आणि कशी वाचली जाते. दोन नावं सारखी येतात. एक फ्युसिफॉर्म, मेंदूच्या खालच्या अंगाला असलेली घडी, तिथला एक तुकडा चेहऱ्यांना खास प्रतिसाद देतो असं नॅन्सी कॅनविशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. दुसरं अमिग्डाला, बदामाएवढा नि बदामाच्या आकाराचा, नावाचा अर्थही बदामच. भीती, धोका, समोरच्याचं महत्त्व वगैरे त्याच्याकडे. माझा प्रश्न साधा आहे. बाबला चेहरा दिसत नाही, की दिसतो पण लागत नाही, की लागतो पण जास्त लागतो? आणि मग नाटकातला राक्षस बरोबर कसा कळतो?

जाणकारांनी लिहावं. नुसता 'देव बरें करूं' लिहिलात तरी चालेल.

माडाखाली

बाब गोड आहे. "मग सांगितलं का नाही" हे आमच्या घरात मी नवऱ्याला रोज विचारते, त्याला तर कसलंच निदान नाही. वाचतेय.

संकासूर

राग मानू नका पण हल्ली प्रत्येक गोष्टीला नाव द्यायची फॅशन झालीय. आमच्या वाड्यावर पण एक होता, कुणाशी बोलायचा नाही, माणसांच्या तोंडाकडे बघायचा नाही, पण कुठल्या कुळागरात किती पोफळी ते तोंडपाठ. कुणी त्याला डॉक्टरकडे नेलं नाही. आता मोबाइल हातात दिला की पोरं माणसांकडे बघणारच कशी, सोपं आहे.

माडाखाली

@संकासूर तुमच्या वाड्यावरच्या त्याच्या काळी मोबाइल होता का हो?

संकासूर

मुद्दा मान्य. गप्प बसतो, पण वाचणार.

बांबोळीची चढण

फोंडेकर, प्रश्न अगदी नेमका विचारलात, कारण याच तीन शक्यतांवरून संशोधकांमध्ये वीसेक वर्षं ओढाताण चाललीय. (मी या क्षेत्रात शिकतेय, तज्ज्ञ नाही, बाबविषयी सल्ला म्हणून घेऊ नका.)

आधी 'दिसत नाही' बघू. २००० साली रॉबर्ट शुल्त्झ आणि मंडळींनी छोट्या गटावर एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कधी काम करतो ते दाखवणारा स्कॅन) केला. ऑटिस्टिक लोक चेहरे बघत असताना फ्युसिफॉर्म कमी पेटत होतं आणि एरवी वस्तू बघताना काम करणारा शेजारचा भाग जास्त. झालं, लोकांनी अर्थ काढला की यांना माणसाचा चेहरा आणि खुर्ची सारखीच. हे वाक्य अजूनही पालकांना ऐकवलं जातं आणि मला त्याची चीड आहे. कारण २००४ मध्ये नूशीन हाजीखानी यांच्या गटाने एक साधी गोष्ट केली, पडद्यावर चेहऱ्याच्या मधोमध एक खूण ठेवली आणि सांगितलं इथेच नजर ठेवा. फ्युसिफॉर्म व्यवस्थित पेटलं! म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं, नजर दुसरीकडे होती म्हणून त्याला मालच मिळत नव्हता.

नजर कुठे असते तेही मोजलंय. अमी क्लिन यांच्या गटाने २००२ मध्ये एका सिनेमातली भांडाभांडीची दृश्यं दाखवून डोळ्यांची हालचाल टिपली. नॉन-ऑटिस्टिक लोक पात्रांच्या डोळ्यांकडे बघत होते, ऑटिस्टिक तरुण तोंडाकडे, अंगाकडे, मागच्या सामानाकडे. आता भीती, शंका, दाबलेला राग हे बरंचसं डोळ्यांत नि भुवयांत असतं, हसू तोंडात दिसतं. २०१३ मध्ये अठ्ठेचाळीस शोधनिबंध एकत्र करून बघितलं तेव्हाही हेच आलं, एकूण अडचण आहे, पण आनंद ओळखण्यात ती अगदी थोडी.

मग नजर का टळते? इथे तुमची तिसरी शक्यता. २००५ चा किम डाल्टन यांचा अभ्यास, ऑटिस्टिक मुलं जितका जास्त वेळ डोळ्यांकडे बघत तितका त्यांचा अमिग्डाला जास्त पेटे. आणि २०१७ मध्ये हाजीखानींनी परत डोळ्यांवरच नजर ठेवायला लावून बघितलं, तर अमिग्डाला धरून खोलवरचा जो झटपट चेहरा पकडणारा रस्ता आहे तो प्रमाणाबाहेर तापला. म्हणजे 'लागत नाही' असं सरसकट म्हणता येत नाही, काहींना तो फार लागतो आणि मग ते स्वतःला वाचवतात.

राक्षसाबद्दल उद्या लिहिते, ड्युटी आहे.

झरीवाडा

मी स्पीच थेरपिस्ट आहे, बार्देसात. वरचा शेवटचा परिच्छेद वाचून पोटात खड्डा पडला. सुरुवातीची चार-पाच वर्षं मी हेच केलंय. "माझ्याकडे बघ. बघ. बघितलंस? शाब्बास, हा घे जेम्स." गोळी ओठांजवळ नाहीतर डोळ्यांजवळ धरायची म्हणजे पोर बघतं, आम्हाला तसंच शिकवलेलं. एक मुलगी होती, ती बघायची, गोळी घ्यायची आणि घरी जाऊन तासभर रडायची, आई सांगायची तर मी म्हणायचे सवय होईल हो. झाली सवय तिला, माझ्या नाकाच्या शेंड्याकडे बघायची.

आता मी ते पूर्ण बंद केलंय. मूल बाजूला बसतं, आम्ही दोघं एकाच खेळण्याकडे बघतो, बोलणं तसंच चालू. बघायचं तर बघेल. पण शाळेकडून अजून चिठ्ठी येते की 'नजर मिळवत नाही, यावर काम करा'. कुठली शाळा ते विचारू नका.

मधली सीट

इथे ऑटिस्टिक माणूस कुणी लिहितोय की सगळे आमच्याबद्दलच बोलतायत असं बघत होतो, मग म्हटलं आपणच लिहू. मी मडगावचा, वय चौतीस, निदान एकतिसाव्या वर्षी झालं, कम्प्युटरचं काम करतो.

डोळ्यात बघणं कसं वाटतं ते सांगतो, सगळ्यांचं असंच असेल असं नाही. तुम्ही काजूच्या भट्टीवर गेला असाल तर आत जाळ असतो त्याच्या तोंडाशी वाकून बघा आणि त्याच वेळी कुणीतरी तुम्हाला हिशोब विचारू दे, तसं. बघता येतं. पण हिशोब येत नाही. मी बॉसच्या डोळ्यात बघितलं तर तो काय बोलला ते मला ऐकू येत नाही आणि मी टेबलाकडे बघितलं तर शब्दन् शब्द सांगतो, पण लोकांना पहिलं चालतं, दुसरं उद्धट वाटतं.

दुसरी गोष्ट. तो 'स्वमग्न' शब्द. धाग्यात अजून कुणी वापरला नाही त्याबद्दल आभार. पेपरात सगळीकडे तोच असतो. स्वतःत मग्न! मी दिवसभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून काय समजायचं याचीच उस्तवार करत असतो, संध्याकाळी त्यानेच थकून पडतो, आणि मग्न म्हणे मी स्वतःत. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये जी अकरा ऑटिस्टिक मुलं वर्णन केली तेव्हापासून नाव तसं पडलं असेल, पण आपण मराठीत भाषांतर करताना तरी दोन मिनिटं विचार करायचा.

आणि तिसरी, ही जरा लांब आहे. माझे आजोबा गेले तेव्हा मी रडलो नाही, चेहरा माझा नेहमीसारखाच होता म्हणे, आणि मी लोकांना खुर्च्या लावून देत होतो, चहा बघत होतो, कारण आजोबांना घरी आलेलं माणूस उभं राहिलेलं आवडायचं नाही. एक आत्या माझ्यासमोरच म्हणाली की याला काय, याला कळतच नाही. तेरा दिवस मला जेवण गेलं नव्हतं. तर फोंडेकर, तुमचा बाब तुमचा चेहरा वाचत नाही हे बरोबर, पण त्या दिवशी पन्नास माणसांपैकी एकानेही माझा वाचला नाही, आणि त्यांचा कुणी एमआरआय काढला नाही. डेमियन मिल्टन नावाचा संशोधक आहे, स्वतः ऑटिस्टिक, त्याने २०१२ मध्ये हेच मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, नाव एकाच बाजूला पडतं.

माडाखाली

@मधली सीट खुर्च्यांचं वाचून डोळे भरून आले. आणि ते तुम्हाला इथे दिसत नाहीये म्हणून लिहून सांगतेय.

मधली सीट

ही पद्धत मला फार आवडली. सगळ्यांनी अशीच ठेवा.

बांबोळीची चढण

आता राक्षस.

कोहितिज कर यांनी एमआयटीत असताना २०२२ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. राल्फ अडॉल्फ्स यांच्या प्रयोगशाळेतली आधीची माहिती त्यांनी घेतली, त्यात प्रौढांना चेहरे दाखवलेले, पूर्ण घाबरलेल्यापासून पूर्ण आनंदीपर्यंत, मधल्या सगळ्या पायऱ्या कम्प्युटरवर मिसळून केलेल्या. सांगायचं एवढंच, घाबरलेला की आनंदी. ऑटिस्टिक गटाला 'आनंदी' म्हणण्यासाठी चेहऱ्यात आनंदाचं प्रमाण जास्त लागत होतं. टोकाच्या चेहऱ्यांवर नाही, गोची मधल्या पायऱ्यांवर.

मग त्यांनी तीच चित्रं एका कृत्रिम न्यूरल नेटवर्कला, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर बनवलेल्या कम्प्युटर प्रोग्रामला, दाखवली. हे नेटवर्क थरांचं असतं आणि त्याचे शेवटचे थर आपल्या मेंदूतल्या इन्फिरिअर टेम्पोरल कॉर्टेक्सशी, म्हणजे कानाच्या आत खालच्या बाजूला जो दृश्य ओळखणारा पट्टा आहे त्याच्याशी, बरेच जुळतात. नेटवर्कची उत्तरं नॉन-ऑटिस्टिक लोकांशी जास्त जुळली. पण शेवटच्या थरांतल्या जोडण्यांमध्ये थोडा गोंगाट घातला, रेडिओला खरखर येते तसा, की ती ऑटिस्टिक लोकांच्या उत्तरांच्या जवळ गेली. यावरून त्यांचं म्हणणं असं की फरक नुसता अमिग्डालात शोधू नका, त्याच्या आधी, बघण्याच्या रस्त्यावरच काही फरक असू शकतो. अर्थात हे मॉडेल आहे, त्याला माकडांच्या मेंदूतल्या नोंदींचा आधार आहे, पण कुणाच्या बाबचा मेंदू उघडून बघितलेला नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

आता तुमचं नाटक बघा. राक्षसाच्या भुवया काजळाने कपाळापर्यंत, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला दिसायला पाहिजे म्हणून राग पूर्ण शंभर टक्के, वर मृदंग पण सांगतो की हा रागावला. खोटं हसणारा तर प्रेक्षकांकडे वळून स्वगतात चक्क कबूलच करतो की मी आता कपट करणार. खरखरीतूनही ऐकू येईल एवढा मोठा आवाज. आणि तुम्ही फाटकातून येता तेव्हा चेहऱ्यावर समजा तीस टक्के राग, वीस टक्के दमणूक, त्यावर बायको-मुलासाठी ओढूनताणून लावलेलं थोडं हसू. तुमची बायको ते वाचते कारण तिला पंधरा वर्षांची प्रॅक्टिस आहे. बाब मधल्या पायरीवर अडकतो. ही माझी जुळवाजुळव, कोहितिज कर यांची नाही.

फोंडेकर

ओढूनताणून लावलेलं हसू. हे तुम्हाला कसं कळलं हो. मी खरंच तसंच करतो, घरात टेन्शन नको म्हणून. म्हणजे मीच खरखर वाढवतो.

संकासूर

मी मध्ये बोलतो. ती डोळ्यांवरून मन ओळखायची टेस्ट आहे ना, सायमन बॅरन-कोहेनची, २००१ च्या आवृत्तीत ३६ फोटो, नुसते डोळे, चार शब्दांतला एक निवडायचा, ती काल रात्री केली. मला २१ आले. बायकोला ३०. आता जेवताना मला टोमणे.

पण माझी तक्रार आहे. ते डोळे सगळे गोऱ्या मासिकांतले, भुवया कोरलेल्या, आणि शब्द असे की इंग्रजीच्या मास्तरालाही डिक्शनरी लागेल. ही भावनांची परीक्षा की शब्दांची? आमच्या पोदेराचे (पाववाल्याचे) डोळे दाखवा, मी सांगतो पाव संपले की नाही.

झरीवाडा

@संकासूर हसले, पण मुद्दा खरा आहे, त्या टेस्टवर ही टीका शब्दसंग्रहावरून आणि संस्कृतीवरून खूप झालीय. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरी कोंकणी, शाळेत इंग्रजी, आजीशी मराठी, टीव्हीवर हिंदी. 'वैतागलेला' कार्डावर कुठल्या भाषेत लिहू?

बांबोळीची चढण

शब्दांचा मुद्दा आलाच आहे तर एक महत्त्वाचं. अलेक्झिथायमिया म्हणून एक गोष्ट असते, स्वतःला आत काय होतंय ते ओळखता न येणं, त्याला नाव न देता येणं. छातीत काहीतरी होतंय, पण राग की भूक की भीती, पत्ता नाही. ऑटिस्टिक लोकांत साधारण निम्म्यांना हे असतं, बाकीच्यांत फार कमी, पाच टक्क्यांच्या आसपास. रिचर्ड कुक, जॉफ बर्ड वगैरेंनी २०१३ मध्ये दोन्ही गोष्टी वेगळ्या करून बघितल्या, तेव्हा चेहऱ्यावरच्या भावना ओळखण्यातली अडचण ऑटिझमपेक्षा अलेक्झिथायमियाशी जास्त बांधलेली निघाली. म्हणून दोन ऑटिस्टिक माणसांत एवढा फरक दिसतो, एकाला चेहरे छान कळतात, दुसऱ्याला नाही.

मधली सीट

मला आहे ते. मला राग आला हे साधारण दुसऱ्या दिवशी दुपारी कळतं.

कुळागरातली आजी

मला टायपिंग नात करून देतेय. माझा नातू पण असाच. माझी सून दोन वर्षं रडत होती की मी त्याच्याशी लहानपणी कमी बोलले, कामाला गेले, म्हणून झालं. शेजारच्यांनी पण तेच सांगितलं. हे खरं असतं का?

झरीवाडा

नाही आजी. सुनेला सांगा की नाही. आया थंड असतात म्हणून मुलं अशी होतात असं एकेकाळी मोठमोठे लोक म्हणायचे, ते केव्हाच मोडीत निघालं. वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी २०१३ मध्ये बाळांचं बघितलं होतं. पुढे ज्यांना ऑटिझम निघाला त्या बाळांची डोळ्यांकडे बघण्याची सुरुवात इतरांसारखीच होती, मग दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते बघणं हळूहळू उतरायला लागलं. मागे वळून कुणाच्या हातून काय चुकलं शोधण्यात अर्थ नाही.

आणि पालक काय करू शकतात यावरचं चांगलं काम तर आपल्याच गोव्यात झालंय. संगत संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीची मंडळी मिळून, दोन्हीकडची मिळून ६५ मुलं. डॉक्टर नव्हेत, साधं प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते घरी जायचे, आईबाप मुलाशी खेळताना व्हिडिओ काढायचे आणि मग तोच आईबापांना दाखवायचे. बघा, इथे त्याने तुमच्याकडे काहीतरी मागितलं, तुमच्या लक्षात नाही आलं. मुलाने आमचे चेहरे वाचावेत ते राहू दे बाजूला, आधी आईबापांनी मुलाला वाचायचं. नंतर मुलं स्वतःहून जास्त बोलती झाली, म्हणजे शब्दांनीच असं नाही, हाताने, आवाजाने.

कुळागरातली आजी

सुनेला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. (आजी म्हणतेय बरं वाटलं असणार तिला. – नात)

बांबोळीची चढण

@मधली सीट, मिल्टनच्या कल्पनेबद्दल एक पुरवणी, नाहीतर अर्धवट राहील. कॅथरिन क्रॉम्प्टन यांनी २०२० मध्ये कानगोष्टीचा खेळ खेळवला होता, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोचली, मिश्र साखळीत जास्त गळली. हे फार गाजलं. पण त्याच मंडळींनी नंतर बरेच जास्त लोक घेऊन परत केलं, २०२५ मध्ये आलं, तर साखळ्यांमध्ये फरक दिसला नाही, मिश्र साखळीतही माहिती तेवढीच पोचली.

मधली सीट

मला तर हे जास्त चांगलं वाटतं. म्हणजे सांगणं पोचतं. आत्येला मी सांगितलं असतं तर पोचलं असतं का हा वेगळा विषय.

फोंडेकर

महिन्याभराने वर काढतोय धागा, क्षमस्व.

भावनांची कार्डं कपाटात ठेवली. आता घरी नियम केलाय की जो तो बोलून सांगणार. सुरुवातीला मला फार लाज वाटायची, मोठा माणूस दारात उभा राहून म्हणतोय की मी आता चिडलेला आहे, पण तुझ्यावर नाही. पहिल्याच दिवशी बाबचा प्रश्न, "मग कुणावर?" मी म्हटलं कामावरच्या एका माणसावर. "त्याला सांगितलं?" नाही. "मग त्याला कसं कळणार?" उत्तर नव्हतं, चहा प्यायलो.

नंतर एक गंमत लक्षात आली. मी कसा आहे हे त्याला चेहऱ्यावरून नाही, पण स्कूटरवरून कळतं. मी स्टँड जोरात मारला की तो आतूनच ओरडतो, आज पण चिडलेला काय? पोदेर आला की भोंपूवरून सांगतो, आज घाईत आहे. मी स्टँड कसा मारतो ते मला दहा वर्षांत माहीत नव्हतं.

बायको म्हणते आता तू मुद्दाम हळू मारतोस, ते पण खोटं हसूच झालं.

संकासूर

स्कूटर विका.

माडाखाली

@फोंडेकर पुढच्या जत्रेला नाटक कधी आहे सांगा, आमच्या भाचीला पण आणायचं आहे, ती पण अशीच. किती वेळ बसेल माहीत नाही.

फोंडेकर

नक्की या. तारीख ठरली की इथेच टाकतो. पहिल्या रांगेत बसू नका, स्पीकर तिथेच असतो, आम्ही डावीकडे पारावर बसतो, तिथून निघायलाही सोपं पडतं. कान झाकायचं काहीतरी आणा. आणि राक्षसाचं काम पुढच्या खेपेला माझ्या चुलतभावाला मिळतंय, त्याला सांगून ठेवतो भुवया मोठ्या काढ म्हणून.